पहिला आकडा लागतो तेव्हा

आमच्या हिंगणघाटच्या वाचनगटात दोस्तोयेव्हस्कीच्या ‘द गॅम्बलर’वर झाला तेवढा वाद दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर झालेला नाही. कुणी ती हिंदीतून वाचली, कुणी इंग्रजीतून. कादंबरी छोटीच, सतरा प्रकरणांची. रुलेटनबुर्ग नावाच्या काल्पनिक जर्मन गावात एक कर्जबाजारी रशियन जनरल म्हाताऱ्या मावशीच्या मरणाची वाट बघत बसलाय, कारण तिची इस्टेट हाती आली तरच देणी फिटणार. त्याच्या मुलांचा शिकवणीमास्तर अलेक्सेई आपल्याला ही हकिगत सांगतो. जनरलच्या सावत्र मुलीवर, पोलिनावर, त्याचा जीव जडलेला. तिच्यासाठी म्हणून तो रुलेटच्या टेबलाशी जातो आणि मग तिथलाच होऊन जातो.

कॉलेजातल्या मुलींना ही प्रेमकथा वाटली. अलेक्सेईने जिंकून आणलेले पैसे पोलिना त्याच्याच तोंडावर फेकते, तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून जाईना. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी निकाल देऊन टाकला: पोराचं मन कच्चं, बाकी काही नाही. मग आमच्यातले एक दिवाणजी बोलले. त्यांनी तरुणपणी सट्टापट्टी लिहिली आहे, म्हणजे लोक लावतील ते आकडे टिपून घेतले आहेत. ते म्हणाले, “मॅडम, बुढीले पहिल्याच दिवशी शून्य लागलं नसतं, तर ती गेली असती ना सरळ मॉस्कोले वापस.”

त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं. जिच्या मरणाची वाट बघितली जातेय ती म्हातारी खुर्चीत बसून ठणठणीत अवतरते, हट्टाने शून्यावर पैसे लावते आणि शून्य येतं. दुसऱ्या दिवसापासून ती इतकं हरते की परतीच्या भाड्यासाठी तिला उसने घ्यावे लागतात. लेखकाचं स्वतःचंही हेच झालं होतं. 1863 मध्ये व्हिसबाडेनला तो दहा हजार फ्रँकच्या घरात जिंकला. 1865 मध्ये त्याच गावात त्याचं घड्याळसुद्धा गेलं. त्याच वर्षी त्याने स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून 3,000 रुबल घेतले, तेही भयंकर अटीवर. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन प्रकाशकाने फुकट छापायचं! शेवटी वीस वर्षांच्या अ‍ॅना स्नित्किना या लघुलेखिकेला मजकूर सांगून त्याने 26 दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण केली.

आमच्या कापसाच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. आकड्यांचा आपल्याकडचा जुगार कापसातूनच आला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस किती भावाने उघडला नि बंद झाला, ते तारेने मुंबईला कळायचं आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं. 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी मटका सुरू केला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तेवढे राहिले. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक धरायचा: 3, 5, 6 आले तर बेरीज 14 आणि ओपन 4. क्लोजही तसाच. दोन्ही मिळून जोडी.

मी गणिताची शिक्षिका, म्हणून वर्गात मांडावा तसा हिशोब मांडते. रुलेटच्या चाकावर शून्य धरून 37 घरं. एका घरावर लावलेला एक रुपया लागला तर वर 35 मिळतात, म्हणजे शंभरामागे सरासरी पावणेतीन रुपये मालकाचे. मटक्यात अंक दहा, आणि रुपयाला साधारण नऊ मिळतात. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर देऊन नव्वद परत. अलेक्सेईला बुडवणाऱ्या टेबलापेक्षा आमच्या पानठेल्यावरची पट्टी तिपटीहून जास्त कापते.

तरी माणूस लावतो. माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना एकदा जोडी लागली आणि त्या पैशातून आईला शिलाई मशीन आलं. पुढे ते मशीनही गहाण पडलं. हरल्याची गोष्ट घरात कधी निघाली नाही. लागलेली जोडी मात्र बाबा शेवटपर्यंत सांगायचे.

मन कच्चं म्हणणाऱ्या गृहस्थांना मला हेच सांगायचं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 मध्ये अनिवार जुगाराची आजार म्हणून नोंद केली आणि 2013 मध्ये त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवतं. चार लावला आणि पाच आला, तर ‘हुकलं’ म्हणून पुन्हा लावावंसं वाटतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते बरंच झालं. पण आमच्या दारूबंदी जिल्ह्यात दारूबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या पाव हिश्शानेही सट्ट्याबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही.

सगळ्यांत मोठा वाद अ‍ॅनावरून पेटला. 1867 मध्ये तिचं आणि दोस्तोयेव्हस्कीचं लग्न झालं. त्याच वर्षी बाडेन-बाडेनला तिचे कानातले आणि ब्रोच गहाण गेले, तेव्हा ती गरोदर होती. 1871 मध्ये तिने स्वतःच 100 थालेर देऊन त्याला व्हिसबाडेनला धाडलं. तो हरला, आणि त्यानंतर पुन्हा खेळला नाही. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, बाईने सोसलं म्हणून माणूस सुधारला. मला हे मान्य नाही. माझ्या आईनेही सोसलं, पैसेही दिले, बाबा सुटले नाहीत. नवरा आकडा खेळतोय अशा बाईला मी सांगेन: त्याचं कर्ज परस्पर फेडू नका, आणि त्याला घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत जा. ताईंना हे अजून पटलेलं नाही. म्हणून पुढच्या बैठकीला अ‍ॅनाच्या आठवणींचं पुस्तक घ्यायचं ठरलंय.