मालमोटारीच्या बॅटरीचा वाढलेला दाब : कारणे व तपासणी

फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री राज्य शासनाने २०१६ साली नियमनमुक्त केली. त्यामुळे आपला माल स्वतःच्या किंवा गटाच्या गाडीतून थेट मुंबईच्या वसाहतींत नेण्याचा मार्ग शेतकऱ्यांस खुला झाला. जुन्नर भागातून रात्री निघालेली मालमोटार आळेफाटा, माळशेज घाट व कल्याण या वाटेने पहाटे काळाचौकीस पोहोचली, तर अभ्युदयनगरसारख्या दाट वस्तीत ताज्या भाजीस गिऱ्हाईक मिळते. तीच गाडी वाटेत अडली, तर मेथी-कोथिंबीर कोमेजते आणि रात्रीचे श्रम व डिझेल दोन्ही वाया जातात.

बॅटरी उतरली म्हणजे गाडी चालू होत नाही, म्हणून तो दोष सर्वांच्या ध्यानी येतो. दाब वाढला असता मात्र दिवे लख्ख पेटतात, इंजिन झटकन चालू होते, आणि ‘बॅटरी जोरात आहे’ असा समज होतो. हा समज घातक होय. वाढलेल्या दाबाने बॅटरीतील पाणी आटते, पट्ट्या झिजतात आणि पुढचे दिवे एकाएकी जळतात. घाटाच्या वळणावर दिवे गेले, तर हानी केवळ भाजीची राहत नाही.

योग्य दाब किती?

शिसे व गंधकाम्ल यांच्या बॅटरीतील प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. सहा सेलांची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या वेळी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. मोठ्या मालमोटारीत अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. तेथे हा आकडा २५.२ ते २५.४ येतो. इंजिन चालू असता १२ व्होल्टच्या गाडीत साधारणतः १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या गाडीत २७.६ ते २८.८ व्होल्ट दाब असावा. अनुक्रमे १५ किंवा ३० व्होल्टच्या वर काटा स्थिर राहिल्यास दोष आहे असे समजून तपासणी करावी.

प्रथम मीटर तपासावा

गाडीतील जुन्या काट्यावर विसंबू नये. हातातील अंकदर्शक मीटरचे स्वतःचे सेल उतरले असतील, तर तोही खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवितो. म्हणून मीटरमध्ये नवे सेल घालून, त्याच्या सळ्या थेट बॅटरीच्या खुंट्यांवर टेकवाव्यात. इंजिन नुकतेच बंद केले असेल, तर वरवरच्या भारामुळे काही वेळ दाब जास्त दिसतो. पुढचे दिवे दोन मिनिटे लावून बंद करावेत व थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

नंतर तारा व सांधे

जुन्या गाडीत दाबाचे नियमन करणारा रेग्युलेटर पुष्कळदा अल्टरनेटरपासून वेगळा बसविलेला असतो. त्याच्याकडे येणाऱ्या तारेचा सांधा गंजला किंवा त्याच्या पत्र्याचे अर्थिंग सैल झाले, तर त्याला दाब खऱ्यापेक्षा कमी भासतो. तो अल्टरनेटरकडून अधिक वीज मागतो, आणि बॅटरी जादा भारली जाते. येथे रेग्युलेटर निर्दोष असतो. दोष केवळ गंजात असतो. पावसाळ्यात घाटातून व समुद्राकाठच्या दमट हवेतून फिरणाऱ्या गाडीत असे वारंवार घडू शकते.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून दिवे लावावेत. मीटरची एक सळी बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरी रेग्युलेटरच्या पत्र्यावर टेकवावी; मग तीच अल्टरनेटरच्या अंगावर टेकवावी. आकडा ०.२ व्होल्टहून अधिक आल्यास सांधे सोडवून काच-कागदाने घासावेत व घट्ट आवळावेत. तसेच, दाब अल्टरनेटरजवळ जास्त पण बॅटरीवर योग्य असेल, तर त्या दोहोंमधील तारेतच अडथळा आहे असे जाणावे.

मग रेग्युलेटर

सांधे स्वच्छ करूनही दाब उतरला नाही, तर इंजिन बंद करून अल्टरनेटरची फील्डची तार काढावी, तिचे टोक पत्र्याला लागणार नाही असे गुंडाळावे व इंजिन पुन्हा चालू करावे. भारण थांबले, तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. भारण चालूच राहिले, तर तो अल्टरनेटरच्या आत आहे व ते काम मिस्त्रीचे होय. इंजिन चालू असताना बॅटरीची तार मात्र कदापि काढू नये. तसे केल्यास दाब एकदम उसळतो व अल्टरनेटरमधील डायोड जळतात.

दोन बॅटऱ्यांचा तोल

२४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असता दोन्ही बॅटऱ्यांचा दाब निरनिराळा मोजावा. एकूण दाब २८ व्होल्ट योग्य दिसला, तरी एकीवर १५ व दुसरीवर १३ असू शकतात. रेडिओ किंवा पंख्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची जोडणी घेणे, हे याचे नेहमीचे कारण होय. जिच्यावरून वीज घेतली ती उपाशी राहते व दुसरी जादा भारली जाते. अशी जोडणी काढून टाकावी व २४ चे १२ व्होल्ट करणारे साधन बसवावे. जोडी बदलताना एक नवी व एक जुनी बॅटरी एकत्र जोडू नये.

वाटेत दोष आढळल्यास

गाडी सुरक्षित जागी उभी करून फील्डची तार वरीलप्रमाणे काढावी. यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन एकदा चालू झाले, की सहसा विजेवाचून चालते. ७५ वॅटचे दोन दिवे २४ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर वीज घेतात. म्हणून चांगल्या बॅटरीवर काही तासांचा प्रवास होऊ शकतो. मुक्कामापर्यंत इंजिन बंद करू नये व अनावश्यक दिवे लावू नयेत.

सावधगिरी

जादा भारलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी ठिणगीने स्फोट होतो. म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये. तार काढताना प्रथम अर्थिंगची काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. आटलेल्या सेलात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल घालू नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

मीटर, तारा, रेग्युलेटर आणि शेवटी बॅटरी, हा क्रम सोडू नये. काटा चढलेला दिसताच नवी बॅटरी घेणाऱ्याचे पैसे जातात आणि दोष गाडीतच राहिल्याने ती नवी बॅटरीही लवकरच निकामी होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील मालमोटारधारकांस हंगामापूर्वी एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एक मीटर व अर्धा तास एवढ्यावर ती होते.