आधी पाणी पाळा

फ्लॅटमध्ये कुत्रा नको, मांजराचे केस नकोत, पण मुलांसाठी घरात काहीतरी जिवंत हवं, असं ठरलं की बहुतेक घरांची वाट माशांच्या दुकानाकडे वळते. तिथून चार लिटरचं गोल काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश घरी येतात. भांडं लहान, मासे लहान, म्हणजे काम कमी, असा हिशोब असतो. थोड्याच दिवसांत पाणी गढूळ होतं. एक मासा तळाशी बसून राहतो, दुसरा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. मग रोज पाणी बदलायचं, भांडं घासायचं, आणि तरीही मासे मरतात. मूळ हिशोबच उलटा आहे. पाणी जितकं कमी, तितकं काम जास्त.

आपल्या शरीरात प्रथिनांतून उरलेलं नायट्रोजन युरिया होऊन मूत्रातून बाहेर पडतं. मासा ते मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. नदीत तो विरून जातो, भांड्यात साठत राहतो. एका माशाचा चार लिटरमध्ये साठलेला अमोनिया चाळीस लिटरमध्ये दहापट विरळ असेल, एवढं साधं हे गणित आहे. अमोनिया कल्ल्यांच्या नाजूक पेशींना इजा करतो. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं कोमट, तितकं अमोनियाचं विषारी रूप वाढतं. उन्हाळ्यात त्यात आणखी एक भर पडते. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. विष वाढतं आणि श्वास कमी पडतो, दोन्ही एकाच वेळी.

चांगल्या टाकीत हा अमोनिया संपवायचं काम जिवाणू करतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवून दिलं की काही जिवाणू अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच जगतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही वाईटच, कारण ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो आणि हे नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. या साखळीची उकल अलीकडेपर्यंत चालू होती, आणि मला विशेष आवडते ती गोष्ट अशी की त्यातले काही मोठे शोध माशांच्या टाक्यांशीच जोडलेले आहेत. जिवाणूंपेक्षा वेगळ्या, आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांपैकी अमोनियावर जगणारा पहिला जीव २००५ मध्ये वेगळा करता आला, तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे जिवाणू २०१५ मध्ये सापडले. त्यांतले काही मत्स्यशेतीत पाणी गाळून फिरवणाऱ्या यंत्रणेतले होते.

हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजवर थर करून राहतात, आणि फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना सहज लागतो. म्हणून टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नयेत. रिकाम्या टाकीत पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार झाली. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. तो विरजणासारखा काम करतो.

आपल्या घरांतले मासे सर्वांत जास्त मरतात ते स्वच्छतेच्या हौसेमुळे. रविवारी सगळं पाणी ओतून द्यायचं, वाळू नळाखाली चोळायची, स्पंज पिळून पांढराशुभ्र करायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, ते या जिवाणूंनाही सोडत नाही आणि माशाचे कल्लेही पोळतात. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं पुरेसं आहे. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावं किंवा क्लोरीन काढणाऱ्या औषधाचे थेंब त्यात टाकावेत. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, आणि तोही हलक्या हाताने. मनीप्लांटची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी फांदी लावली, तर उरलेलं नायट्रेट ती शोषून घेते.

मग मासा कोणता? गोल्डफिश नको. तो वीतभर आणि त्याहून मोठा होतो, भरपूर घाण करतो आणि नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. कमी कामाचा सोबती हवा असेल तर माझं मत फायटरला. थायलंडच्या भातखाचरांतला आणि उथळ, संथ पाण्यातला हा मासा. तिथे पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्या पडलेला एक खास अवयव उत्क्रांत झाला आहे. फायटर पृष्ठभागावर येऊन थेट हवेचा घोट घेतो. लोडशेडिंगमध्ये पंप तासभर बंद पडला तरी तो गुदमरत नाही.

पण या देणगीमुळेच त्याचे सर्वाधिक हालही होतात. हवेवर जगतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पेल्यात विकला जातो आणि घरी फुलदाणीत ठेवला जातो. हवा त्याला मिळते, पण त्याचा अमोनिया त्याच पेल्यात राहतो. त्याला किमान वीस लिटरची टाकी द्या. वर झाकण हवं, कारण तो उडी मारतो, आणि झाकणाखाली श्वासासाठी मोकळी हवाही हवी. फिल्टरचा प्रवाह मंद ठेवा. दोन नर एकत्र कधीही ठेवू नका. त्याला २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. मुंबई-कोकणात त्यासाठी फारसं काही करावं लागत नाही, पण पुणे-नाशिकच्या थंडीत लहानसा हीटर घ्यावाच लागेल.

खाणं थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीला पाच दिवस गावी जायचं असेल तर निर्धास्त जा. निरोगी, वाढ झालेला फायटर तेवढे दिवस उपाशी राहू शकतो. खरा धोका असतो तो शेजारच्या काकूंनी मायेने रोज मूठभर टाकलेल्या दाण्यांचा. ते कुजतात आणि परत आल्यावर टाकीत अमोनियाच अमोनिया असतो.

माशाऐवजी रुपयाएवढं दिसणारं लाल कानपट्टीचं कासव घेण्याआधी हे लक्षात घ्या, की ते ताटाएवढं होतं आणि पंचवीस-तीस वर्षं जगतं. आपला हिरवा पोपट आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारेल, तोही घेऊ नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभराहून मोठा होतो. मग कंटाळलेले लोक त्याला नदीत सोडतात. आज तो उजनीसारख्या जलाशयांतही आढळतो आणि त्याच्या टोकदार, खरखरीत काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. ज्याला आपला मासा नकोसा झाला असेल, त्याने तो दुकानात परत द्यावा किंवा टाकी असलेल्या कुणाला द्यावा. ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात मात्र कधीच सोडू नये.