विदर्भात घर बांधताय? भिंतीचं आधी ठरवा

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडते. याला एक पर्याय म्हणजे ईपीएस (थर्माकोल) पॅनलची भिंत. तिच्यात मधे थर्माकोलचा जाड थर, दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि तिच्यावर मशीनने मारलेलं काँक्रीट असतं. उन्हाची उष्णता थर्माकोलपाशीच बरीचशी अडते. मला ही पद्धत मनापासून आवडते! मात्र वायरिंगचे आणि नळाचे पाइप काँक्रीटच्या आधीच जाळीमागे बसवून घ्या. नंतर झिरी मारली तर जाळी तुटते. हे काम येणारी टीम जवळपास नसेल, तर सरळ एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक वापरा. आणि स्लॅबला विसरू नका, उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन तिथेच पडतं.