ॲम्बेसेडर आणि मारुती 800 : दोन्ही गाड्या 2014 मध्येच बंद पडल्या, पण…

आज दोन गाड्यांची तुलना करूया. कुठली भारी हे ठरवायला नाही, आपल्या धंद्यासाठी काय शिकायचं ते बघायला.

पहिली ॲम्बेसेडर. मूळ डिझाइन इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं. हिंदुस्थान मोटर्स ती 1950च्या दशकाच्या अखेरीपासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनवायची. गाडी दणकट, आतमध्ये ऐसपैस जागा, आणि गावातला मेकॅनिकसुद्धा दुरुस्त करणार. तेव्हा लायसन्स राज होतं. गाड्या कमी, गिऱ्हाईकं जास्त. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मग बदलायची गरज कोणाला वाटणार?

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. इंजिन फक्त 796 सीसीचं, ॲम्बेसेडरच्या जवळपास निम्मं. गाडी छोटी, हलकी. पण पेट्रोल कमी पिणारी, चालवायला सोपी आणि मध्यमवर्गाला झेपणारी. जागा आणि दणकटपणा यांत ती मागेच होती. पण नव्या गिऱ्हाइकाला हवं होतं ते तिच्याकडे होतं.

पुढे काय झालं? 1980च्या दशकाच्या मध्यात वर्षाला सुमारे 24 हजार विकली जाणारी ॲम्बेसेडर शेवटी दोन-अडीच हजारांवर आली. मे 2014 मध्ये उत्पादन थांबलं. नंतर तो ब्रँडही विकला गेला.

आता खरी गंमत बघा. मारुती 800चं उत्पादनसुद्धा 2014 मध्येच, जानेवारीत थांबलं! म्हणजे जुनी बंद पडली तशी नवीही पडली. फरक एवढाच, की मारुतीने 2000 सालीच अल्टो बाजारात आणली होती. 800 जोरात खपत असतानाच! अल्टोने 800चं गिऱ्हाईक खाल्लं, पण पैसा घरातच राहिला. उत्तरपाड्यात मात्र इंजिनं बदलली, नवी नावं दिली, पण ॲम्बेसेडरची जागा घेईल अशी दुसरी गाडी उभी राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, माझा तर छोटा मसाल्याचा धंदा, मला याचं काय?" आहे ना! तुमचा कांदा-लसूण मसाला आज हातोहात खपतोय. पण शेजारच्या सूनबाई रेडी ग्रेव्हीचं पाकीट आणायला लागल्या असतील, तर ते पाकीट तुमचं का नसावं? मसाला बंद करू नका. त्याच्याच नफ्यातून थोडा पैसा बाजूला काढा आणि वीस-पंचवीस पाकिटं करून ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकून बघा. फुकट वाटू नका. कौतुक सगळेच करतात, कौतुक ॲम्बेसेडरचंही शेवटपर्यंत होत होतं. खिशातून पैसे काढतो, त्याचं मत खरं.

आजचा गृहपाठ : वहीत तुमचा सगळ्यात जास्त खपणारा माल लिहा. त्याच्यासमोर लिहा, याची जागा उद्या काय घेईल? आणि ते कोण विकेल, तुम्ही की दुसरा कोणी?