फेसच्या गल्लीत पहिला मान गाढवाचा!

मोरोक्कोत युनेस्कोच्या यादीतली नऊ जागतिक वारसास्थळं आहेत. त्यातलं पहिलं १९८१ सालचं: फेसची मदिना, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं शहर. या बोळांत मोटार शिरतच नाही. मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की मुकाट भिंतीला चिकटायचं, कारण ओझं लादलेलं गाढव येतंय. शुवारा या कातडी कमावायच्या जागेतल्या हौदांत कातडी मऊ करायला आजही कबुतरांची विष्ठा वापरतात. गच्चीवरून बघणाऱ्यांच्या हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला!

मराकेश, मेकनेस, तेतुआन हीसुद्धा यादीतलीच. (मराकेशचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत.) मला ओढ आहे ती अटलांटिककाठच्या अल जदीदाची. इथला किल्ला पोर्तुगीजांचा. त्याच्या पोटात दगडी खांबांचं पाण्याचं टाकं आहे. छताला एकच गोल झरोका, आणि खालच्या उथळ पाण्यात त्याचा उजेड पडलेला. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला वसई आठवते: चिमाजी आप्पांनी ती त्यांच्याकडून घेतली १७३९ मध्ये. अल जदीदाचा किल्ला पोर्तुगीजांनी सोडला १७६९ मध्ये, वसईनंतर तीस वर्षांनी.