आधी सोय, मग कागद

मँचेस्टर, इंग्लंड

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हल्ली एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. शाळेच्या सांगण्यावरून मुलाची तपासणी होते आणि ऑटिझम किंवा एडीएचडी असल्याचा अहवाल येतो. रात्री सगळं आवरल्यावर बाप तो वाचायला घेतो. वस्तू हरवणं, हातातलं काम अर्धं टाकून दुसरं धरणं, गोंगाटात डोकं भणभणणं, चारचौघांत काय बोलावं ते न सुचणं. वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की यात मुलाइतकाच आपणही आहोत. असा बाप बहुधा चाळिशीतला असतो. गावाकडच्या शाळेत तो 'हुशार पण धांदरट' होता, नाहीतर 'घुम्या'. पुढे इंजिनिअर झाला, परदेशी आला, संसार केला. हे सारं निभावताना किती दमछाक झाली, ते मात्र कुणापाशी बोलला नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या वाचकांना हे मुद्दाम कळवतोय. आपल्याकडे ऑटिझम म्हटलं की लहान मूल डोळ्यांसमोर येतं आणि एडीएचडी म्हटलं की वांड पोरगं. ही पोरं मोठी होतात, आयुध निर्माणीत पाळ्या करतात, भुसावळला रेल्वेत लागतात, केळीच्या बागा सांभाळतात, सासरी नांदायला जातात. मोठेपणी त्यांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

इथे सुरुवात जीपीपासून, म्हणजे ठरलेल्या घरच्या डॉक्टरपासून होते. तो एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो. ऑटिझमची लक्षणं लहानपणी होती का आणि एडीएचडीची बाराव्या वर्षाआधी होती का, हे मोठ्या माणसाच्या बाबतीतही पाहावं लागतं. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं मागतात, आईवडिलांशी बोलायचंय म्हणतात. मग गावाकडच्या आईला फोन लागतो. लहानपणी एकटाच खेळायचा का? हाक मारल्यावर बघायचा का? आई सावध होते. एवढा शिकलेला, कमावता लेक. आता त्याच्यात काय खोट काढताय? "काही नाही हो, गरीब होता बिचारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तासन् तास रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसायचा," ती म्हणते. तज्ज्ञाला हवं ते उत्तर नेमकं त्यातच सापडतं.

निदान झाल्यावरच्या मानसिक आधाराची इथली पद्धत मला जास्त महत्त्वाची वाटते. उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली प्रौढांच्या ऑटिझमविषयी सूचना काढल्या. चिंता किंवा नैराश्यासाठी समुपदेशन करताना बोलणं सरळ आणि स्पष्ट ठेवा, अलंकारिक भाषा आणि 'समजा असं झालं तर' टाळा, मुद्दे लिहून किंवा चित्रांतून दाखवा, मध्ये विश्रांती द्या, त्या माणसाच्या आवडीचा विषय कामी आणा, असं त्यांत सांगितलं आहे. थोडक्यात, बदलायचं ते आधी समुपदेशकाने. एडीएचडीविषयीच्या २०१८च्या सूचनाही त्याच वाटेने जातात. प्रौढाच्या भोवतालात आधी बदल करून पाहा आणि तरीही आयुष्यात मोठी अडचण उरली, तर औषध द्या.

चांगले समुपदेशक डोळ्याला डोळा भिडवायची तालीम घेत नाहीत. वर्षानुवर्षं इतरांसारखं दिसण्यासाठी जे सोंग वठवावं लागलं, त्याला इथे 'मास्किंग' म्हणतात. त्या सोंगाची काय किंमत मोजली आणि ते कुठे उतरवून ठेवता येईल, यावर बोलणं होतं. 'मी आळशी आहे', 'मी माणूसघाणा आहे' ही लहानपणापासून अंगाला चिकटलेली मतं एकेक करून तपासली जातात. स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत एवढंच खरं नाही, इतरांनाही तो कळत नाही. गैरसमज दोन्हीकडून आहे, तेव्हा तो दूर करायची जबाबदारीही दोघांची. या विचाराने इथल्या अनेक समुपदेशकांची दृष्टी बदलली.

याला कायद्याचं पाठबळ आहे. २००९चा ऑटिझम कायदा प्रौढांसाठी राष्ट्रीय धोरण आखण्याचं बंधन सरकारवर घालतो. २०१०च्या समानता कायद्याने नोकरी देणाऱ्यावर वाजवी सोयी करण्याची जबाबदारी टाकली. त्या कायद्याखाली निदानाचा कागद असणं ही अट नाही. अडचण दीर्घकाळची आणि रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम करणारी असली की पुरे. या सोयी दिसायला साध्याच असतात. सूचना तोंडी न देता लिहून द्यायच्या, गजबजलेल्या हॉलऐवजी कोपऱ्यातली जागा द्यायची, कानावर आवाज अडवणारे हेडफोन चालवून घ्यायचे, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी कळवायचे. नोकरी देणाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या मदतीसाठी 'अॅक्सेस टु वर्क' ही सरकारी योजना पैसे देते.

एवढं वाचून इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असं कुणी समजू नये. ऑटिझमची तपासणी चिठ्ठी मिळाल्यापासून तीन महिन्यांत सुरू व्हावी, असं 'नाइस' सांगते. प्रत्यक्षात कित्येकांची वर्षं जातात. एनएचएसच्याच अंदाजाप्रमाणे मार्च २०२५ अखेर एडीएचडीच्या तपासणीसाठी लहानमोठे मिळून साडेपाच लाखांच्या आसपास लोक रांगेत होते. पैसेवाले खासगी दवाखाना गाठतात, बाकीचे थांबतात. निदानं फार वाढलीत का, यावर वर्तमानपत्रांत रोज वाद झडतो. माजी मंत्री रॉबर्ट बकलंड यांच्या ऑटिस्टिक लोकांच्या रोजगाराविषयीच्या फेब्रुवारी २०२४च्या अहवालानुसार दहापैकी जेमतेम तीन ऑटिस्टिक प्रौढांना नोकरी होती. सोय कागदाशिवाय मिळू शकते असं कायदा म्हणतो, पण साहेबाला कागद बघितल्याशिवाय चैन पडत नाही. रांग लांबण्याचं हेही एक कारण असावं.

आपल्याकडे कागदाचं माहात्म्य याहून मोठं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर मिळतं आणि बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना. नोकरी करणारा, चारचौघांत कसाबसा निभावून नेणारा माणूस तिथवर पोचतच नाही. तोही दमतोच. त्याच्यासाठी फाइल नाही, म्हणून अडचणही नाही, असं आपण धरून चालतो.

मग त्याचं निदान गाव करतं. एककल्ली आहे, लग्न झालं की सुधारेल. लग्न होतं. डीजेच्या दणदणाटात नवरदेव कान दाबून बसतो तेव्हा पाहुणे हसतात. पुढे घरात रोज खटके उडायला लागले की सुनेला वाटतं, नवरा आपल्याला मोजत नाही. सून स्वतःच अशी असली, तर 'हिला घरकामाचं वळण नाही' म्हणून मोकळे होतात.

यातलं बरंचसं टाळायला प्रमाणपत्र लागत नाही. कारखान्यातल्या फोरमनला कामाची यादी फळ्यावर लिहिता येते. शाळेत मास्तरांना एखाद्या पोराला कोपऱ्यात बसू देता येतं. सासू सुनेला सांगू शकते, पाहुण्यांत पाच मिनिटं बस आणि मग खोलीत जा, मी बघते. फार अवघड झालं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली उभी केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याची भाषा मराठीत रुजवते आहे. प्रौढांच्या ऑटिझमची आणि एडीएचडीची जाण असलेले समुपदेशक जळगाव-भुसावळातही घडवता येतील. मुंबई-पुण्याला खेटे घालणं सगळ्यांना कुठून परवडणार?

हक्कासाठी कागद हवाच, एडीएचडीचा कायद्यात विचारही व्हायला हवा. पण माणसाला उसंत मिळण्यासाठी त्याची वाट बघायची गरज नाही. साडेपाच लाखांची रांग लावून इंग्लंड जे शिकतंय, ते वरणगावला रांग लागायच्या आतच करता येईल.