गाठ बाहेर, आजार रक्तात

रक्ताचा कॅन्सर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढराफटक पडलेला, ताप न उतरणारा रोगी येतो. गाठ आली की तो कॅन्सर वेगळा, असे आपण धरून चालतो. पण तीव्र ल्युकेमियाच्या काही प्रकारांत कधी कधी आधी दिसते ती गाठच. रक्ताचा साधा रिपोर्ट तेव्हा चांगलाही असू शकतो, आणि इथेच फसगत होते.

रक्त तयार होते हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. ल्युकेमियात तिथल्या कच्च्या पेशी बेसुमार वाढतात. काही पेशी मगज सोडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि तिथे गाठ धरतात. मायलॉइड जातीच्या ल्युकेमियातल्या अशा गाठीला मायलॉइड सार्कोमा म्हणतात. ॲलन बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी १८११ साली तिचे वर्णन करून ठेवले. कापल्यावर ती पुष्कळदा हिरवट दिसते, म्हणून पुढे तिला क्लोरोमा हे नाव पडले.

गाठ कुठे येईल, याचा थोडा अंदाज पेशीतल्या गुणसूत्रांवरून बांधता येतो. ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झाले असतील, तर लहान मुलांत डोळ्याच्या खोबणीत गाठ होऊ शकते. एक डोळा हळूहळू पुढे येतो. १६व्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला असेल, तर गाठ पोटात, आतड्यात आढळते. ११व्या गुणसूत्रावरचे एक जनुक मोडले असेल, तर हिरड्या सुजून दातांवर चढतात किंवा कातडीवर टणक, जांभळट गाठी उठतात.

'गुणसूत्रांतला दोष' हे शब्द ऐकले की घरात लगेच आईकडे, सुनेकडे बोट जाते. ते साफ चूक आहे. हे बदल बहुतेक वेळा आईबापांकडून येत नाहीत. जन्मानंतर, किंवा कधी पोटात असतानाच, एखाद्या रक्तपेशीत ते घडतात. कुणाच्या खाण्यापिण्याचा त्यात दोष नाही, करणी-नजरेचा तर नाहीच. आणि हा आजार शिवण्याने पसरत नाही.

मुलांत जास्त दिसणारा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया वेगळ्या जागा धरतो. त्याच्या टी-पेशींच्या प्रकारात छातीत मोठी गाठ होते. मूल आडवे झाले की धापते, मानेच्या शिरा फुगतात. याला दमा समजून घरी बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. मुलग्यांत वृषण न दुखता सुजू शकते. आठदहा वर्षांचा पोरगा लाजेपोटी ते सांगत नाही, म्हणून आपणच विचारावे.

प्रत्येक सुजलेली हिरडी म्हणजे कॅन्सर नव्हे; बहुतेक वेळा ते दातांचेच दुखणे असते. मानेतली गाठ आपल्याकडे टीबीची असण्याची शक्यताही मोठी. पण तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासा असा आग्रह धरा. निदानाआधी कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. काही ल्युकेमियांत त्याने गाठ तात्पुरती विरघळते, घरचे खूश होतात, आणि खरा आजार झाकला जातो.

भिंगाखाली ही गाठ लिम्फोमासारखी दिसू शकते. त्यासाठी तुकड्यावर खास रंगांच्या तपासण्या, मगजाची सुईने तपासणी आणि गुणसूत्रांची तपासणी लागते. ती महाग असते, पण औषध किती आणि कोणते द्यायचे हे तिच्यावर ठरते. ८-२१ची अदलाबदल आणि १६व्याचा उलटा तुकडा हे तुलनेने बऱ्या निकालाचे प्रकार मानले जातात. मायलॉइड सार्कोमा नुसता कापून भागत नाही. मगज स्वच्छ दिसला तरी ल्युकेमियाचीच केमोथेरपी द्यावी लागते, नाहीतर काही महिन्यांत आजार रक्तात उतरतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. गावाकडे तुकडा काढला असेल, तर नुसता कागद आणू नका. काचा आणि तुकडा ठेवलेला मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी तो पुन्हा तपासतात, आणि तो नसला तर पोराला दुसऱ्यांदा सुरीखाली जावे लागू शकते.